वेणूबाईची गरी

पोफळशेतच्या तळ्यावर म्युनिसिपालिटीने पाटी लावली ती माझ्या हट्टापायी. ‘या तळ्यात नागरिकांस गळाने मासे धरण्याची मोकळीक आहे.’ अक्षरही माझंच, कारण ड्रॉइंगचा मास्तर गावात दुसरा कुणी नव्हता. रंग वाळायच्या आत त्यावर पावसाचे ओघळ आले. तरी पाटी वाचता येत होती, आणि गावातल्या कुणीही ती वाचली नाही.

ही एकतीस सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. काशीदहून मुरुडकडे जाताना समुद्राच्या अंगाला हे गाव लागतं. एका बाजूला कोळीवाडा आणि वाळू, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये एक बाजाराची वाट आणि त्या वाटेमागे हे तळं. चिरेबंदी, चौकोनी, पाणी अगदी गोडं. पश्चिमेच्या पायऱ्यांवर बसलं की माडांपलीकडे समुद्र गाजताना ऐकू येई, दिसत मात्र नसे.

मी मुंबईचा. लहानपणी मामा दर रविवारी विहार तलावावर न्यायचे आणि दिवसभर गप्प बसवून ठेवायचे. माणसाला गप्प बसायला शिकवणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. त्यांची वेताची काठी आणि पितळी चक्री नोकरीबरोबर माझ्यासंगती इथे आली होती. पावसाळ्यात आगबोट बंद, वर्तमानपत्रं शिळी होऊन येत, आणि बाजारातले लोक ओसरीवर पत्ते कुटत एकमेकांची उणीदुणी काढत. डोळ्यांसमोर मरळ माशांनी भरलेलं तळं, आणि एक पोरगं त्यात दोरा सोडत नाही! माझ्या सुधारक डोक्याला हे सहन होईना. वाचनालयात मी ‘गळ आणि नागरिक’ या विषयावर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत निम्मे पाऊस चुकवायला आलेले होते, आणि सर उतरताच तेही गेले. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष घाटावरचे, माझ्यासारखेच गावाला नवे, म्हणून त्यांनी पाटी मंजूर केली.

माझा विचार सरळ होता. ज्येष्ठात होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही. म्हणजे कोळी तोवर रिकामे. गळाला हे लोक गरी म्हणतात, आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. हात शिवशिवत असतील, सगळ्यांत आधी तेच येतील, असं मी धरून चाललो होतो.

कुणी आलं नाही. उलट मी काठी घेऊन बसलेला दिसलो की लोक वाट वाकडी करून जात.

“मास्तर,” किराणावाला भिकू एकदा साखर बांधता बांधता म्हणाला, “पुनव झाल्यावर गरवा की. घाई काय हाय?”

“आत्ताच लोकांना वेळ आहे. पुनवेनंतर सगळे समुद्रावर जातील.”

“तेच तर,” तो म्हणाला, आणि पुडीची गाठ परत सोडून परत बांधू लागला.

मी एकटाच बसू लागलो. शाळा सुटली की छत्री, डबा आणि काठी. मासे लागत. पण दोन गोष्टी मला खटकल्या. एक म्हणजे गळाचं बूच. वारा नसतानाही ते हळूहळू पश्चिमेकडे सरके, पायऱ्यांपाशी थांबे आणि मग तसंच हळूहळू माघारी जाई. तळ्याला ना झरा ना ओहोळ. बरेच दिवस पाहिल्यावर ध्यानात आलं, बूच माघारी फिरायचं तेव्हा माडांपलीकडे ओहोटी लागलेली असायची. जमिनीखालून कुठेतरी पाझर असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते समजावणं मला पटलंही.

दुसरी गोष्ट ताटांची. दिवेलागणीच्या आधी कोळीवाड्यातल्या काही बायका पायऱ्यांवर येत. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. शेवटच्या कोरड्या पायरीवर ताट ठेवून त्या जरा वर बसत आणि बोलू लागत. रडणं नाही, गाणं नाही. पागोळीखालची भिंत ओली होतेय, जावयाने पुन्हा दारू घेतली, कोंबडी खुडूक बसली. घरात माणूस जेवत असताना बाई जे बोलते तेच, तळ्याकडे तोंड करून. अंधार पडायच्या आत ताटं उचलून त्या घरी जात. मी मुद्दाम जवळून पाहिलं. ताटं रिकामी असत. कुत्री खात असतील म्हणावं, तर कुत्रं काटे असे ताटाच्या कडेला रचून ठेवत नाही.

त्यांच्यातली सगळ्यांत थोरली येसूबाई. तिचे दोन मुलगे एकाच होडीत गेले, प्रेतं मिळाली नाहीत. मी तिला सरळच विचारलं.

“दर्यानं नेलेली मानसं दर्याची,” ती म्हणाली. “पन पावसात होड्या घरी येतात ना? मग मानसं बी येतात. खाऱ्यातून गोड्यात. पुनवंपावतर आमची. पुनवंला नारल पडला का परत त्याची. अशी वाटनी हाय, मास्तर. लय जुनी.”

“आणि मी गळ टाकतो तो?”

“तुमी मरल धरता. आजून तरी.” तिने माझ्या काठीकडे पाहिलं. “पन आमाला जीव मुठीत धरून बसाया लागतं.”

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर पुनवेपर्यंत थांबला असता. पण मला रागच आला. गावाने या बायकांची समजूत काढायची सोडून दरवर्षी त्यांचं दुःख उकरायची सोय करून ठेवली आहे, असं मला वाटलं. शिवाय पाटी मी लावली होती. मी फक्त बसायची जागा बदलली, पूर्वेच्या बांधावर गेलो, ताटांपासून लांब.

तिथेच वेणूबाई आली.

पस्तिशीची, उंच, काळीसावळी. हातात हिरव्या बांगड्या आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचा नवरा तुळशीराम दोन वर्षांमागे, मोसमाच्या शेवटी, एकट्याने जाळी सोडवायला गेला आणि होडी तेवढी परत आली. बांगड्या फोडायला तिने साफ नकार दिला होता, म्हणून कोळीवाड्यात तिच्याशी लोक जपूनच बोलत. हे सगळं मला आधीच माहीत होतं. गावात दुसऱ्याची गोष्ट कळायला वेळ लागत नाही.

“मास्तर, पाटीवर काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं.

“नागरिक मंजी?”

“गावात राहणारं कुणीही.”

“बाई बी?”

“बाईसुद्धा.”

“मग मना शिकवा,” ती म्हणाली आणि बांधावर बसली.

मला किती आनंद झाला ते सांगायला लाज वाटत नाही. एवढ्या खटाटोपानंतर मला एक नागरिक मिळाला होता! जाळ्याच्या घरातली असून काठीने गरवणं तिला नवीन होतं. मी तिला चक्री भरायला शिकवलं, दोरी कशी फेकायची, बूच बुडाल्यावर लगेच हिसका का द्यायचा नाही. मासा मोठा असेल तर त्याला पळू द्यायचं, दमला की थोडं आत घ्यायचं, पुन्हा पळू द्यायचं. तिचे हात पक्के होते आणि धीर तर माझ्याहून मोठा. तासन्‌तास ती बुचावरून नजर हलवत नसे. या कोळणींना वाट बघणं शिकवायला निघालेला मी! पण तेव्हा मला स्वतःवर हसू आलं नाही. मी खुश होतो.

मासे मात्र तिला नको होते. मरळ लागला की ती तोंड वाकडं करी आणि मला म्हणे, “ह्यो सोडून द्या.”

“मग तुम्हाला हवं तरी काय?”

तिने उत्तर दिलं तेही अगदी साधेपणाने, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. “आमचं मानूस. पुनवंच्या आदी.”

मी तिला समजावलं. मेलेला माणूस परत येत नाही, तळ्यात तर नाहीच. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “तुमी म्हनता तसं आसंल. मग माज्या गरवन्यानं कुनाचं काय बिगडतंय?”

बिघडत काही नव्हतंच. हौस तिला, सोबत मला. काठी मी तिच्या हाती देऊन टाकली.

येसूबाईला मात्र ते कळलं तशी ती बांधावर आली, भर पावसात, डोईवर इरलं घेऊन.

“वेणू, ठेव ती काठी. तुज्या एकलीचा घोव गेला नाय.”

“तुमचं पोट भरतं ना ताट मांडून? माजं नाय भरत.”

“वाटनी मोडू नको गं. तू तुजा वर ओडलास तर दर्या आमचा हिस्सा ठेवंल का?”

वेणूबाई बुचाकडे बघत राहिली. “येसूआये,” ती हळूच म्हणाली, “दोन वर्सं मी तेंच्यासंगं बोलतंय. ते जेवतात. येकदा तोंड तरी बगू दे.”

म्हातारी तिथेच उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती निघून गेली. मला दोघींचीही कणव आली आणि दोघींचाही राग आला.

श्रावण लागला. मी आमिषाला गांडुळं आणत असे. वेणूबाईने एक दिवस ती डबी बाजूला सारली आणि पदराखालून फडकं काढलं. तांदळाच्या भाकरीत भाजलेला जवळा मळून तिने गोळ्या केल्या होत्या, वर लसणीचा वास.

“या तळ्यातला मासा हे खायचा नाही,” मी म्हणालो.

“ठाव हाय.”

पुनवेच्या आदल्या दुपारी आम्ही बांधावर होतो. पाऊस थांबला होता, पण आभाळ खाली आलेलं. किनाऱ्यावर होड्यांवरची झापं काढायची लगबग चालली होती आणि ठोकाठोकीचा आवाज येत होता. बूच नेहमीसारखं पश्चिमेला सरकलं. पायऱ्यांपाशी थांबलं. मग भरतीच्या वेळी, जेव्हा ते तिथेच राहायला हवं होतं, ते सरळ आमच्याकडे यायला लागलं.

आणि बुडालं.

वेणूबाईने हिसका दिला नाही. मी शिकवलं होतं तसं ती क्षणभर थांबली, मग तिने काठी उचलली. काठी कमानीसारखी वाकली.

“मोठा आहे,” मी ओरडलो. “सोडा, पळू द्या त्याला.”

तो पळाला नाही. मी हजारदा मासे खेळवले आहेत. गळ लागलेला मासा घाबरतो, दोरीतून त्याची भीती हाताला कळते. ही ओढ तशी नव्हती. तिने दोरी सैल केली की पलीकडूनही सैल होई. तिने ताणली की तिकडूनही तेवढाच ताण. होडी ओढताना दोन माणसं दोराच्या दोन टोकांना एकमेकांच्या जोराचा अंदाज घेतात तसं.

मग दोरी दोनदा हलकेच ओढली गेली.

वेणूबाई हसली. इतक्या आठवड्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

“बाई, दोरी कापतो मी,” मी म्हणालो. “खाली ओंडका असेल. काठी मोडेल.”

“हात लावू नका, मास्तर.”

ती एकेक वेढा आत घेऊ लागली. चक्री कुरकुरत होती. पाण्यावर बुडबुडे नव्हते, खळबळ नव्हती. फक्त तळ्याचं पाणी काठाच्या चिऱ्यांवर हळूहळू वर चढत होतं. वास आला तो खारा. भरतीच्या वेळी खाडीला येतो तो.

ठोकाठोकी थांबली होती. किनाऱ्यावर कुणीच आवाज करत नव्हतं.

पाण्याखाली काहीतरी फिकट दिसलं.

“मास्तर,” वेणूबाई म्हणाली, “पाठ फिरवा.”

“काय?”

“त्यांच्या आंगावर कापड नसंल. तुमी परके.”

तेव्हा मला तिच्याशेजारचं गाठोडं दिसलं. त्यात घडी केलेला कोरडा रुमाल होता, कोळी कमरेला गुंडाळतात तो, आणि एक बंडी.

मी पाठ फिरवली. का, ते आजही सांगता येत नाही. भीतीने म्हणावं तर मी पळालो नाही. कुणी बाई नवऱ्यासाठी लाज राखायला सांगते आणि आपण राखतो, तेवढंच ते होतं.

मागे पाणी निथळलं. बराच वेळ निथळत राहिलं.

मग कापड झटकल्याचा आवाज.

मग बांधाच्या चिखलातून पावलं. वेणूबाईची पावलं मी ओळखत होतो. तिच्या जोडीने दुसरी होती, जड, एक पाय उशिरा टाकणारी.

मी वळलो तेव्हा बांधावर कुणी नव्हतं. माझी काठी चिऱ्याला नीट टेकवून ठेवली होती. चक्री रिकामी होती, सगळी दोरी कुणीतरी सोडवून नेली होती.

त्या संध्याकाळी ताटांना कुणी शिवलं नाही. बायका नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या, बोलत राहिल्या, मग बोलायच्या थांबल्या. येसूबाई ताट उचलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. “उपाशी गेली गं पोरं,” एवढंच ती म्हणाली. मला तिच्याजवळ जायचं होतं. मी तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. सोन्याच्या कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत गेला, सगळा कोळीवाडा नव्या कपड्यांत वाळूवर होता. वेणूबाई नव्हती. तिने मोठा मरळ धरला असेल, मीठ लावून वाळवत असेल, असं मी ठरवून टाकलं. ते पावलांचं, वासाचं मी माझ्या तापावर ढकललं, कारण मला खरोखरच ताप आला होता. पाटी मात्र मी काढली नाही. ती काढणं म्हणजे काहीतरी कबूल करणं झालं असतं.

त्यानंतर एका दुपारी, चांगलं ऊन पडलेलं असताना, मी ओसरीवर मुलांच्या चित्रांना गुण देत होतो. अंगणात वेणूबाई उभी राहिली. आमसुली लुगडं, केसांत अबोली, चेहरा सुखाने उजळलेला. पण डोळ्यांखाली जागरण दिसत होतं.

“बसा बाई. बरं आहे ना?”

“बरं हाय. घरी मानूस हाय.” ती दाराच्या चौकटीला टेकली आणि जरा संकोचली. “येक इचारायचं व्हतं. गरी लागली ती काडायची कशी? तुमी ते शिकवलंच नाय.”

माझ्या हातातली पेन्सिल मी खाली ठेवली.

“कुठे लागली आहे?”

“घशात. लय आत गेलीय. त्यांना बोलाया येत नाय. जेवाया बी येत नाय, नुसतं ताटाकडं बगतात.”

माझ्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते मामांनी शिकवलेलं होतं, आणि तोंडातून तेच बाहेर पडलं, वर्गात सांगावं तसं. “घशातला गळ ओढून काढायचा नसतो. आतडी फाटतात. दोरी तोंडाशी कापायची आणि सोडून द्यायचं. लोखंड गंजतं, गळ आपोआप गळून पडतो.”

“दोरी कापून?”

“हो.”

तिच्या उजव्या मनगटाभोवती, हिरव्या बांगड्यांच्या वर, माझी रेशमी दोरी वेढे देऊन बांधलेली मला तेव्हा दिसली. मनगटाला वळ पडले होते. दोरीचं दुसरं टोक अंगणातून, कुंपणाच्या फाटकातून, कोळीवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर गेलेलं होतं. ती जमिनीवर ओली पडली होती, आणि तिच्या खालची धूळ भिजली होती.

“दोरी कापली तर ते जातील, मास्तर,” वेणूबाई म्हणाली. “र्‍हाऊ दे. पयलं बी ते जास्त बोलत नव्हते.”



वाटेवरची दोरी जमिनीपासून वर उचलली गेली आणि ताठ झाली. वेणूबाईचा हात पुढे ओढला गेला.

“आले, आले,” असं लगबगीने म्हणत ती पदर सावरून निघाली.